जमिनीवरची आगबोट

काही वर्षांपूर्वी जपानी ठसेचित्रांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मी चित्रांखालच्या माहितीचा मराठी अनुवाद केला होता. मला जपानी येत नाही. काम इंग्रजीवरून करायचं होतं. पण शीर्षकं तरी मुळातून समजावीत म्हणून एका जपानी जाणणाऱ्या मैत्रिणीकडून प्रत्येक शब्दाची फोड करून घेतली. त्यातल्या निम्म्याअधिक चित्रांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता : जोकिशा. 'जोकि' म्हणजे वाफ, 'शा' म्हणजे गाडी. मी बिनदिक्कत 'आगगाडी' असं लिहिलं. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा सगळीकडे 'स्टीम ट्रेन' झालेलं होतं. "आगगाडी आता कोण म्हणतं?" असं आयोजकांचं म्हणणं पडलं. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं आता वाटतं, आणि हा लेख म्हणजे तो राहून गेलेला वाद आहे.

कारण त्या काळच्या जपानी माणसाच्या तोंडी 'जोकिशा'पेक्षाही आणखी एक शब्द होता : ओका-जोकि. 'ओका' म्हणजे जमीन. वाफेवर चालणारं जहाज लोकांनी आधी पाहिलं, त्याला ते नुसतं 'जोकि' म्हणू लागले. मग वीसेक वर्षांनी तसाच धूर सोडणारं काहीतरी रुळांवरून धावू लागलं, तेव्हा ती झाली 'जमिनीवरची जोकि'. आपल्याकडेही हेच घडलं. मुंबईच्या बंदरात आगबोट आधी आली, आगगाडी नंतर. रुळांच्या वाटेला जपानीत 'तेत्सुदो' म्हणतात. 'तेत्सु' म्हणजे लोखंड आणि 'दो' म्हणजे वाट. आपला 'लोहमार्ग' हुबेहूब तसाच बांधलेला. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन समाजांनी एका नव्या यंत्राला नाव देताना जवळपास एकच युक्ती केली : ओळखीच्या वस्तूचा हात धरून अनोळखी वस्तूपर्यंत जायचं. जपानी चित्रकारांनी आगगाडीची चित्रं काढताना नेमकं हेच केलं.

दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जुलै १८५३ मध्ये, अमेरिकन नौदलाचा कमोडोर मॅथ्यू पेरी आपली काळी जहाजं घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, खाडीत शिरला. दोनशेहून अधिक वर्षं परदेशी व्यापाराची दारं जवळजवळ बंद ठेवणाऱ्या जपानला त्याने अध्यक्षांचं पत्र दिलं आणि उत्तरासाठी परत येईन असं सांगितलं. १८५४ मध्ये तो आला तेव्हा भेटवस्तूंमध्ये तारायंत्र होतं आणि फिलाडेल्फियाला तयार केलेली, खऱ्या इंजिनाच्या एक चतुर्थांश आकाराची एक आगगाडी होती. इंजिन, कोळशाचा डबा, प्रवासी डबा आणि रूळ, सगळं सोबत. योकोहामाच्या किनाऱ्यावर गोलाकार रूळ मांडले गेले. डबा इतका लहान की आत लहान मूलही जेमतेम बसलं असतं. तरीही बसून पाहायचंच म्हणून एक जपानी अधिकारी थेट टपावर चढला. पेरीच्या मोहिमेच्या अधिकृत वृत्तांतात त्याचं वर्णन आहे : झगा वाऱ्यावर फडफडतो आहे, हातांनी टपाची कड घट्ट धरली आहे, आणि ताशी वीस मैलांच्या वेगाने तो गोल गोल फिरतो आहे.

अमेरिकन लेखकाला त्यात गंमत दिसली. मला त्या अधिकाऱ्याचं कौतुक वाटतं. खेळणं म्हणून दिलेली वस्तू त्याने वाहन म्हणून वापरून पाहिली.

करारांनंतर १८५९ मध्ये योकोहामा हे परदेशी व्यापाराचं बंदर झालं. एका लहानशा गावाशेजारी बघता बघता गोदामं, वखारी, धक्के उभे राहिले, आणि एदोतल्या चित्रप्रकाशकांना नवा विषय सापडला. ठसेचित्रांचा धंदा कसा चालत असे हे इथे सांगायला हवं. प्रकाशक पैसे घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेषांचं चित्र काढी. कोरक्या तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून त्यातूनच रेषा कोरी, म्हणजे चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र कोरण्यातच नाहीसं होई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, आणि छापणारा कारागीर वेगळा. एका कागदाची किंमत सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी. ती भिंतीवर शतकभर टिकवायची कला नव्हती. नट, गणिका, कुस्तीगीर, तीर्थस्थळं आणि गावातली ताजी खबर असा तो बाजार होता.

१८६० आणि १८६१ या दोन वर्षांत योकोहामाच्या चित्रांचा पूर आला. सादाहिदे, योशिकाझु, योशितोरा ही उतागावा घराण्यातली मंडळी त्यात आघाडीवर होती. परदेशी माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची जेवणाची टेबलं हे योकोहामात जाऊन पाहता येत होतं. पण त्यांचे देश? तिथे जाणं शक्य नव्हतं. मग लंडनच्या आणि अमेरिकेच्या सचित्र साप्ताहिकांतली कोरीव चित्रं हाताशी धरली गेली. मजकूर वाचता येत नसे, चित्र मात्र दिसे. त्यातून कुठली इमारत कुठल्या शहरात जाऊन बसेल याचा नेम नसे. योशिकाझुने १८६१ मध्ये अमेरिकेतल्या आगगाडीचं तीन कागद जोडून केलेलं एक मोठं चित्र आहे. आपल्या डोळ्यांना ती गाडी चाकं लावलेल्या आगबोटीसारखी दिसते. खरी गाडी पाहिलेल्या माणसाला हसू येईल. पण मला ते चित्र पाहताना 'ओका-जोकि' हा शब्दच रंगवून ठेवल्यासारखा वाटतो. जहाज पाहिलेलं आहे, गाडी पाहिलेली नाही. तर गाडी म्हणजे जमिनीवर आलेलं जहाज.

१८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपली, मेइजी सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं, एदोचं टोकियो झालं. 'बुनमेइ काइका' हा परवलीचा शब्द झाला. 'बुनमेइ' म्हणजे सभ्यता. 'काइका'त 'काइ' म्हणजे उघडणं आणि 'का' म्हणजे बदलणं. या काळातल्या नव्या इमारती, पूल, गाड्या, कारखाने दाखवणाऱ्या ठसेचित्रांना पुढे 'काइका-ए' असं नाव पडलं. त्यात विटांची गिंझा आहे, तोमिओकाची रेशमाची गिरणी आहे, घोडागाड्या आहेत. आणि सगळ्यांत जास्त मागणी होती ती अर्थातच आगगाडीला.

ही रेल्वे सरकारने स्वतः काढली. ओकुमा शिगेनोबु आणि इतो हिरोबुमी हे दोन तरुण मंत्री तिच्यामागे होते. १८७० मध्ये लंडनच्या बाजारात दहा लाख पौंडांचं कर्ज उभं केलं गेलं, नऊ टक्के व्याजाने. आधीच्या दलालाशी बिनसल्यावर हे काम ओरिएंटल बँकेकडे गेलं. ही बँक १८४२ मध्ये मुंबईतच 'बँक ऑफ वेस्टर्न इंडिया' या नावाने सुरू झाली होती. मुख्य अभियंता एडमंड मोरेल हा इंग्रज. रेल्वे सुरू झालेली पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. नोव्हेंबर १८७१ मध्ये, ऐन तिशीत, क्षयाने तो योकोहामात वारला. त्याच्या जागी रिचर्ड व्हिकर्स बॉइल आला. हा ईस्ट इंडियन रेल्वेतला माणूस. १८५७ मध्ये बिहारमधल्या आराह इथे त्याने आपल्या आवारातलं दुमजली बिलियर्ड-घर तटबंदीसारखं मजबूत करून ठेवलं होतं, आणि वेढा पडल्यावर तिथले इंग्रज त्याच घराच्या आसऱ्याने वाचले. एका साम्राज्याचे अनुभव दुसऱ्या देशात असे पोचतात.

फरक इतकाच की, आपल्याकडे रेल्वे आणणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, आणि तिचा भार इथल्या रयतेवर होता. जपाननेही कर्ज काढलं, परक्यांना भरघोस पगार दिले. पण मालकी आपल्याकडे ठेवली. चित्रांचंही तसंच. मुंबई-ठाणे गाडीची चित्रं लंडनच्या साप्ताहिकांनी लंडनच्या वाचकांसाठी छापली. आपल्याकडे गोविंद नारायण माडगावकरांसारख्या लेखकाने 'मुंबईचे वर्णन' या १८६३ मधल्या पुस्तकात रेल्वेची दखल मराठीत घेतली, ही मोठीच गोष्ट. पण टोकियोच्या गल्लीतल्या दुकानात, टोकियोच्या माणसाने, टोकियोच्याच माणसासाठी काढलेली आगगाडी चार पैशांत मिळत होती. नव्या यंत्राकडे कोणाच्या नजरेतून पाहायचं, हा प्रश्न तिथे निदान चित्रापुरता तरी सुटलेला होता.

रेल्वेच्या मार्गातली सर्वांत मोठी अडचण शिनागावाजवळच्या ताकानावाला आली. किनाऱ्यालगतची जमीन लष्करी खात्याच्या ताब्यात होती आणि रेल्वेपेक्षा सैन्यावर पैसा खर्च व्हावा असं मानणाऱ्यांचं तिथे वजन होतं. त्यांनी मोजणीलाही पाय ठेवू दिला नाही. ओकुमांनी मार्ग काढला : जमीन मिळत नाही तर समुद्रातून जाऊ. उथळ पाण्यात सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालण्यात आला आणि त्यावर रूळ टाकले गेले. बांधामुळे किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्या आत अडकणार होत्या, म्हणून मधूनमधून पूल ठेवून खाली पाण्याला वाट दिली.

जून १८७२ मध्ये शिनागावा ते योकोहामा वाहतूक सुरू झाली. पूर्ण मार्गाचं उद्घाटन पावसामुळे पुढे ढकलावं लागलं आणि १४ ऑक्टोबर १८७२ रोजी सम्राटाच्या उपस्थितीत झालं. शिम्बाशी ते योकोहामा २९ किलोमीटर, वेळ ५३ मिनिटं. वरच्या वर्गाचं भाडं १ येन १२ सेन ५ रिन, खालच्या वर्गाचं त्याच्या तिसरा हिस्सा. पहिल्यावहिल्या प्रवाशांनी घरात शिरताना काढाव्यात तशा आपल्या लाकडी खडावा फलाटावर काढून ठेवल्या आणि योकोहामाला अनवाणी उतरले, ही गोष्ट जपानमध्ये आजही सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातही तीच युक्ती आहे : डबा म्हणजे काय ते माहीत नाही, घर म्हणजे काय ते माहीत आहे.

चित्रकार मात्र उद्घाटनाची वाट पाहत थांबले नव्हते. रूळ पडण्याआधीच, १८७० आणि १८७१ मध्ये, योशितोरा, दुसरा कुनितेरु, इक्केइ यांची ताकानावाच्या आगगाडीची चित्रं बाजारात आली. न धावलेल्या गाडीची ही चित्रं! इंजिनाचे भाग कुठून कुठे जोडले आहेत याचा पत्ता लागत नाही, डबे लाकडी घरांसारखे दिसतात. पुढे या विषयावर सर्वाधिक काम तिसऱ्या हिरोशिगेने केलं. थोर हिरोशिगेचा हा शिष्य, गुरूच्या मुलीशी लग्न करून नावाचा वारस झालेला. समीक्षकांनी त्याला फारसं मानलं नाही. पण त्याच्या तीन कागदी चित्रांत निवांत फिरावं. योकोहामाच्या किनाऱ्यावरून गाडी धूर सोडत चालली आहे, मागे समुद्रात जहाजं आहेत, आणि रस्त्यावर घोडागाडी, छत्री घेतलेले परदेशी, ओझेवाले अशी नुसती झुंबड.

आणि माणसांनी ओढायची दुचाकी गाडी, तीही नवीकोरी, १८७० च्या सुमाराची. तिचं नाव जिनरिकिशा : 'जिन' माणूस, 'रिकि' बळ, 'शा' गाडी. जोकिशातला 'शा' तोच. वाफेची गाडी आणि माणसाच्या बळाची गाडी, दोघी एकाच काळात, एकाच चित्रात, एकाच शब्दाच्या शेपटीला धरून. आगगाडीला आपण आपला शब्द घडवला; पण हा दुसरा शब्द समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि 'रिक्षा' होऊन बसला. माथेरानच्या लाल मातीत आत्ताआत्तापर्यंत माणसं ती ओढत होती. प्रगतीच्या चित्रात इंजिनाशेजारी घामाघूम माणूस उभा आहे, आणि चित्रकाराने त्याला झाकलेलं नाही.

या चित्रांचा भडक लाल रंग अनेकांना खटकतो. तो युरोपच्या कारखान्यात बनलेला स्वस्त ॲनिलिन रंग, आणि त्यानेच जुन्या नाजूक कलेचा घात केला, असं दीर्घकाळ लिहिलं गेलं. अलीकडच्या रासायनिक तपासण्यांनी हे चित्र गुंतागुंतीचं केलं आहे. जांभळ्याच्या बाबतीत ते खरं आहे. तो कृत्रिम रंग १८६० च्या दशकातच ठशांवर आला. पण मेइजीच्या सुरुवातीच्या वर्षांतला बराचसा लाल हा कोचिनील किड्यापासून काढलेला किरमिजी निघाला. कृत्रिम लाल त्यानंतर आला. म्हणजे ज्या रंगाला आपण यंत्रयुगाचा रंग म्हणत होतो, तो निवडुंगावर वाढणाऱ्या अमेरिकेतल्या किड्याचा होता.

ताकानावाला आणखी एक चित्र जोडलेलं आहे. १८५७ मध्ये पहिल्या हिरोशिगेने 'एदोतील शंभर प्रसिद्ध स्थळं' या मालिकेत ताकानावातली उशिमाची दाखवली. 'उशि' म्हणजे बैल. बैलगाड्यांची ही वस्ती. चित्रात अगदी पुढे बैलगाडीचं भलंमोठं चाक, खाली कलिंगडाच्या साली, खेळणारी कुत्र्याची पिल्लं, पलीकडे समुद्र आणि आकाशात इंद्रधनुष्य. बावीस वर्षांनी, १८७९ मध्ये, कोबायाशी कियोचिकाने तीच जागा घेतली. रात्र, ढगाआडचा चंद्र, आणि बांधावरून जाणारी गाडी : काळी आकृती, खिडक्यांतून उजेड, धुराला आगीची लाली. कियोचिका शोगुनाच्या एका लहानशा सेवकाचा मुलगा. १८६८ च्या युद्धात हरलेल्या बाजूने लढलेला. काही वर्षं शहराबाहेर काढून १८७४ मध्ये तो परतला तेव्हा त्याचं एदो उरलं नव्हतं. काइका-एमधली दुपारची झुंबड त्याच्या चित्रांत दिसत नाही. गॅसचे दिवे, पाऊस, ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबं, छत्र्यांखालच्या पाठमोऱ्या माणसांची शिम्बाशी स्टेशनसमोरची गर्दी. गंमत म्हणजे त्याच्या ताकानावाच्या गाडीचं इंजिनही 'चूक' आहे. ते अमेरिकन वळणाचं दिसतं. या मार्गावर इंग्रजी इंजिनं धावत होती. ज्याने गाडी रोज पाहिली असेल त्यानेही इंजिन कुठल्यातरी छापील चित्रावरून उचललं. पण हरलेल्या माणसाला नवं शहर रात्री कसं दिसतं, ते त्याने कुठूनही उचललेलं नाही.

पुढे शहर वाढलं, समुद्रात भराव पडला, बांध त्याखाली गाडला गेला. पाण्यातून धावणारी गाडी चित्रांत तेवढी उरली, आणि ती चित्रं तर चुकांसाठीच प्रसिद्ध. मग २०१९ मध्ये शिनागावा स्टेशनच्या कामात जमीन उकरताना दगडी भिंत लागली. ताकानावाचा बांध होता तो. नव्या ताकानावा गेटवे स्टेशनजवळ, उंच इमारतींसाठी मोकळ्या केलेल्या जागेत, सुमारे ८०० मीटर बांध उघडा पडला. होड्यांसाठी ठेवलेल्या एका पुलाचे दगडी खांब जागच्या जागी होते. तज्ज्ञांनी ठसेचित्रं काढून शेजारी धरली : उतरती दगडी बाजू, मधली फट, खालचं पाणी. इंजिनं चुकली होती, दगड बरोबर होते. इंजिन परक्या देशातून आलेलं. बांध मात्र त्यांच्या कोळीवाड्यासमोर, त्यांच्या समुद्रात, त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला होता.

त्यावर वाद झाले. सगळा बांध राखावा असं पुरातत्त्वतज्ज्ञ म्हणत होते. जमिनीला टोकियोच्या मधोमध असलेल्या जमिनीची किंमत होती. २०२१ मध्ये काही भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला. पुलासह ८० मीटर आणि दुसरीकडे ४० मीटर जागेवर ठेवायचं ठरलं, थोडा भाग हलवून ठेवायचा. उरलेला मोजून, छायाचित्रं घेऊन, नोंदवून उचलला गेला. म्हणजे बहुतेक बांध पुन्हा एकदा कागदावरच राहिला.

हे वाचलं तेव्हा मला माझं ते माहितीपत्रक आठवलं. शब्दांचंही असंच असतं. 'आगगाडी' आता कोणी म्हणत नाही, हे खरं. पण तो शब्द ज्यांनी घडवला त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर आलेली गोष्ट आपल्या भाषेत बसवून पाहिली होती, जसं त्या चित्रकारांनी लाकडात बसवून पाहिली. यंत्राचा तपशील त्यात चुकला असेल. पाहणारा कुठे उभा होता, हे त्यात नेमकं उतरलं आहे. 'स्टीम ट्रेन' लिहिलं की यंत्र बरोबर येतं, आणि पाहणारा माणूस चित्रातून निघून जातो.

ते प्रदर्शन पुन्हा कधी भरलं, तर मी 'आगगाडी'च लिहीन. कंसात काही घालणार नाही. आणि योशिकाझुच्या त्या चित्राखाली, आयोजकांनी परवानगी दिली तर, 'जमिनीवरची आगबोट'.